इंजिन ठोका देऊ लागले तर : आधी कान, मग पाना

— ऊस विकास अधिकारी



मार्च-एप्रिलात नेमका ट्रान्सफॉर्मर जळतो. नवा बसेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात. उन्हाळ्यात उसाला पाण्याची पाळी तेवढे दिवस थांबत नाही. मग गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेले डिझेल इंजिन बाहेर निघते. वर्षभर न हललेले इंजिन हँडल मारून, एअर काढून कसेबसे सुरू होते आणि सुरू झाल्यावर 'ठक ठक' असा ठोका देऊ लागते. घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला त्या इंजिनाचा प्रत्येक आवाज ओळखीचा होता तो आता नसतो, किंवा त्याचा कान गेलेला असतो. मुलगा पाना घेतो आणि जो नट हाताशी येईल तो सैल करू लागतो.

अपघात इथेच होतो, आणि तो अपघात वाटतही नाही. बोटाला सुई टोचल्यासारखे होते, रक्ताचा थेंबही येत नाही, आणि चार दिवसांनी बोट कापावे लागते. आजचे हे टिपण दोन गोष्टींसाठी आहे. इंजिनाचा ठोका पाना न लावता, नुसत्या कानाने कसा ओळखावा, ही एक. आणि इंधनाच्या दाबाच्या नळीजवळ हात का नेऊ नये, ही दुसरी. ज्यांचे इंजिन विकून झाले आहे त्यांनीही वाचावे, कारण ट्रॅक्टरमध्ये हेच यंत्र आहे आणि तिथे दाब याहून कितीतरी जास्त आहे.

आधी हा दाब म्हणजे काय ते पाहू. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती सोळा-सतरा पट आकसते आणि पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेटते. आता दाबलेल्या हवेत इंधन घुसवायचे म्हणजे इंधनाचा दाब हवेच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त हवा. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वीपणे चालले, तेव्हा इंधन आत फुंकण्यासाठी दाबाच्या हवेचा वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे. इंजिन त्यामुळे घराएवढे अवजड होई. पुढे १९२७ पासून बॉश कंपनीने इंधन दाबणारा छोटा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने करायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन लहान होऊन शेताच्या बांधावर यायला वाट मोकळी झाली. आपल्याकडे साताऱ्याचे कूपर, आणि १९४६ पासून पुण्याजवळ खडकीला निघालेले किर्लोस्करचे इंजिन ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. पंपावर आणि नोझलवर 'मायको' हे नाव असे. ती १९५१ साली बंगलोरला निघालेली कंपनी. २००८ पासून तिचेच नाव बॉश झाले.

आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे नोझल साधारण दोनशे किलो दाबाला उघडते. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, दोनशे किलो वजन. आपल्या कारखान्याची पन्नास किलोची साखरेची चार पोती करंगळीच्या नखावर रचली आहेत अशी कल्पना करा. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच किलो हवा असते, पाठीवरच्या फवारणी पंपात तीन-चार किलो. नोझलची भोके पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यातून दर वेळी किती इंधन जाते याचा हिशेब करून पाहा. इंजिन ताशी सव्वा लिटर डिझेल पीत असेल आणि मिनिटाला पंधराशे फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने तासाला पंचेचाळीस हजार वेळा फवारा उडतो. एका फवाऱ्याला अर्धा थेंब इंधन येते. हा अर्धा थेंब ठरलेल्या क्षणी, धुक्यासारखा बारीक होऊन आत गेला पाहिजे. ठोक्याचे निम्मे रहस्य या अर्ध्या थेंबात आहे.

डिझेल आत गेल्याबरोबर पेटत नाही. ते तापायला, वाफ व्हायला आणि पेट घ्यायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. म्हणूनच पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधी, पुष्कळ इंजिनांत वीस-पंचवीस अंश आधी, फवारा सुरू केलेला असतो. ही पेट घेण्याची वाट जेवढी लांबेल तेवढे न पेटलेले डिझेल आत साठते, आणि मग सगळे एकदम भडकते. चुलीत ओली लाकडे घालून रॉकेल ओतत राहावे आणि मग एकदम भडका उडावा, तसे. तो भडका पिस्टनच्या डोक्यावर हातोड्यासारखा बसतो. हा जळणाचा ठोका. डिझेल इंजिनाची थोडी टकटक असतेच, तिचे भय नको. डिसेंबरच्या सकाळी थंड इंजिन मिनिटभर जोरात वाजते आणि तापले की शांत होते, तेही स्वाभाविक आहे. तापल्यावरही धातूवर घण मारल्यासारखा स्वच्छ, कडक आवाज येत राहिला तर मात्र कारण शोधावे.

कारणे बहुधा तीन-चारच निघतात. सगळ्यांत जास्त आढळणारे म्हणजे नोझल ठिबकणे. नोझल नीट बंद न झाल्याने फवाऱ्यानंतर थेंब गळत राहतो, काळा धूर येतो, डिझेल जास्त लागते. दुसरे कारण म्हणजे फवारा लवकर सुरू होणे. यामागे मेकॅनिकची घाई असते. आपल्याकडच्या पुष्कळ इंजिनांत इंधन पंपाच्या बुडाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. पंप खोलला की त्या तेलात, मातीत पडतात. एक कमी बसली की पंप तेवढा खाली बसतो, फवारा लवकर सुरू होतो आणि दुरुस्तीहून परत आलेले इंजिन पूर्वी नव्हते असे ठोकू लागते. 'काल पंप खोलला आणि आज ठोका' असे असेल तर चकत्या मोजायला सांगा. पंप खोलण्याआधी किती होत्या ते खडूने इंजिनावरच लिहून ठेवलेले बरे.

तिसरे कारण डिझेल. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत-६ दर्जाचे डिझेल मिळते. त्यात पेट घेण्याच्या तयारीचा अंक, ज्याला सिटेन म्हणतात, किमान ५१ असावा लागतो. पंपावर मिळणारे डिझेल त्यामुळे बरे आहे. बिघडते ते आपल्या कॅनमध्ये. पावसाळ्यात उघडा राहिलेला कॅन, तळाला साठलेले पाणी, दोन वर्षांपूर्वीचे उरलेले डिझेल, कधी कुणी पैसे वाचवायला मिसळलेले रॉकेल. रॉकेलने फक्त आवाज वाढतो असे नाही. पंपाचा दांडा आणि नोझलची सुई डिझेलच्याच वंगणावर चालतात, त्यांना दुसरे तेल मिळत नाही. रॉकेल पातळ, त्याने ती घासतात. लिटरमागे दोन पैसे वाचवून पंप बसवायची पाळी येते. चौथे कारण कमी झालेला दाब. रिंगा झिजल्या की हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटायला उशीर होतो.

आता दुसऱ्या जातीचा ठोका. हा जळणाचा नसून लोखंडाचा असतो. काहीतरी सैल झाले आहे किंवा झिजले आहे. बिगएंड बेअरिंग म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग. ते गेले की पोटातून आल्यासारखा जड, दबका 'धब धब' आवाज येतो आणि भार पडला की वाढतो. वरच्या टोकाची गजनपिन सैल झाली की हलक्या गतीवर टणक, जोडीने येणारे ठोके ऐकू येतात. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झाला की थंडपणी खडखडतो आणि तापून फुगल्यावर गप्प होतो. टॅपेटचा आवाज हलका, शिवणयंत्रासारखा असतो. तो कंपनीने सांगितलेल्या फटीला जुळवला की जातो. हेडचे गॅस्केट बदलताना पातळ घातले तर पिस्टन वर टेकून ठोकतो. आणि एक ठोका असा की ज्याने भल्याभल्या मेकॅनिकांनी इंजिने पूर्ण खोलली आहेत. तो म्हणजे फ्लायव्हीलच्या चावीचा. चावी किंचित सैल झाली की आवाज थेट बेअरिंग गेल्यासारखा येतो. राजकोटच्या दोन चाकांच्या संथ इंजिनांत हा फार. म्हणून इंजिन खोलण्याआधी, बंद असताना, फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवून चावी तपासा. यात पैसा जात नाही.

या दोन जाती वेगळ्या करायची एक सोपी तऱ्हा आहे. इंजिन तापू द्या. भार काढा. मग हलक्या गतीवर कान देऊन इंधन बंद करायचा दांडा ओढा. इंधन बंद झाले तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहते. त्या काही सेकंदांत नीट ऐका. इंधन तुटताक्षणी ठोका पूर्ण गेला तर तो जळणाचा, नोझल आणि पंपाकडे पाहा. फ्लायव्हील फिरताना ठोका मंद का होईना पण चालूच राहिला तर तो लोखंडाचा. बिगएंडचा ठोका इंधन तुटल्यावर हलका होतो, पूर्ण जात नाही, हे लक्षात असू द्या. एकदा करून समजले नाही तर चार वेळा करा. संथ इंजिन असेल तर आणखी एक गोष्ट पाहता येते. फ्लायव्हीलवर खडूची रेघ मारून ठेवा आणि ठोका दर फेऱ्याला येतो की एक फेरा सोडून, ते मोजा. जळण दोन फेऱ्यांत एकदाच होते, त्यामुळे जळणाचा ठोका आणि टॅपेटचा आवाज एकाआड एक फेऱ्याला येतो. दर फेऱ्याला येणारा ठोका चावीकडे, मुख्य बेअरिंगकडे किंवा हेडला टेकणाऱ्या पिस्टनकडे बोट दाखवतो. लांब लाकडी दांडक्याचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानाजवळच्या हाडावर धरले तर आवाज कुठून येतो ते बरोबर कळते. फक्त दांडके फ्लायव्हील आणि पट्ट्यापासून लांब, आणि धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर खोचलेला हवा.

आणि तेल काढून बघा. डिपस्टिकवर तेलाची रेघ चढलेली दिसली आणि तेलाला डिझेलचा वास आला, तर ठिबकणाऱ्या नोझलमधले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरले आहे. असे पातळ झालेले तेल बेअरिंग खाते. म्हणजे आज जळणाचा ठोका म्हणून सोडून दिलेला आजार सहा महिन्यांनी लोखंडाच्या ठोक्याला जन्म देतो. बिगएंडचा ठोका ओळखूनही 'एवढी पाळी होऊ दे' म्हणून इंजिन चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढेच पाहावे की रॉड तुटला तर तो इंजिनाची कड फोडून बाहेर येतो, आणि शेजारी कोण बसले आहे ते तो पाहत नाही.

इथवर पान्याला हात लावायची गरज पडली नाही. आता पान्याकडे येऊ.

एकापेक्षा जास्त सिलिंडर असलेल्या इंजिनात, म्हणजे ट्रॅक्टरमध्ये, ठोका कुठल्या सिलिंडरचा हे कळण्यासाठी मेकॅनिक चालू इंजिनाच्या इंजेक्टरच्या नळीचा नट एकेक करून सैल करतात. त्या सिलिंडरचे इंधन तुटते, आणि नट सैल केल्यावर ठोका बदलला तर दोष त्याच सिलिंडरात. पद्धत जुनी आहे आणि चुकीची नाही. पण ती चालू इंजिनावर, दोनशे किलो दाबाच्या नळीवर, हाताने करायची आहे. नट सैल झाला की इंधन धार होऊन कोणत्या बाजूला उडेल हे सांगता येत नाही.

पालघरला आमच्या बहिणीचे सासर आहे, त्यामुळे त्या भागात जाणे होते. पालघरच्या पश्चिमेला सातपाटी हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिने खोलून दुरुस्त होतात. आपल्याकडे इंजिन मधेच बंद पडले तर उसाची पाळी चुकते, तिथे किनारा नजरेआड असतो. त्यामुळे तिथली माणसे ठोक्याला आपल्यापेक्षा जास्त भितात आणि जास्त ओळखतात. अशाच एका दुरुस्तीच्या दिवसांत इंजिन सांभाळणारे एक वडीलधारे खलाशी भेटले. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी एका पेरावरच संपलेली होती. मी दोरात अडकली का म्हणून विचारले. ते म्हणाले, नाही, डिझेलने गेली. ठोका शोधताना नळीच्या नटाजवळ ओले दिसले, गळती कुठे आहे ते बोटाने चाचपून पाहिले, टोचल्यासारखे झाले. बारीक ठिपका होता. रक्त आले नाही, म्हणून हात धुऊन पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी बोट फुगून पांढरे पडले, रात्री ठणका, आणि डॉक्टरांकडे गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर उशीर झाला होता.

ही गोष्ट नवी नाही. डिझेल इंजिनाच्या दाबाने इंधन माणसाच्या शरीरात शिरल्याची नोंद अमेरिकेतल्या रीस नावाच्या डॉक्टरांनी १९३७ सालीच वैद्यकीय मासिकात छापली होती. तेव्हापासून जगभर शेकडो रुग्णांच्या नोंदी झाल्या. त्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा साधारण दहातल्या तिघांना बोट किंवा बोटाचा भाग गमवावा लागलेला दिसतो. सात किलो दाबाची बारीक धारही धडधाकट कातडी भेदू शकते, इथे तर दाब दोनशे किलो. आत शिरलेले डिझेल जागच्या जागी राहत नाही. बोटातल्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या म्यानातून ते तळहातापर्यंत, कधी मनगटापर्यंत पसरते. जागा अरुंद, त्यात सूज, त्यामुळे रक्त बंद होते. वर डिझेल स्वतः विषारी, आतले मांस मारते. बाहेर मात्र नुसता ठिपका. दुखणे सुरुवातीला थोडे असते, म्हणून माणूस फसतो.

असे झाले तर काय करावे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे. इंजिन बंद करा. बोट पिळू नका, चोळू नका. हळद, चुना, बर्फ काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कापड सैल गुंडाळा, हात वर धरा, वेळ लिहून ठेवा आणि निघा. काही खाऊ-पिऊ घालू नका, कारण भूल द्यावी लागेल. गावातल्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी परत येणे म्हणजे उपचार झाला असे समजू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात, शक्य तर हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायला हवे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना पहिलेच वाक्य हे सांगा : 'इंजिनाच्या दाबाने डिझेल आत गेले आहे, इतक्या वाजता.' नुसते 'इंजिनाचे काहीतरी लागले' म्हटले तर ठिपका पाहून मलम मिळेल. तरुण डॉक्टरांनी असा रुग्ण कधी पाहिलेलाही नसतो, तेव्हा आपण सांगण्यात संकोच करू नये. बोट उघडून आतले डिझेल धुऊन काढणे सहा तासांच्या आत झाले तर बोट वाचण्याची आशा पुष्कळ वाढते, असे नोंदी सांगतात.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आपल्याकडची बरीच मुले नोकरीला आहेत. त्या रसायनांच्या कारखान्यांत कामाची एक रीत असते. दाबाची नळी उघडायची तर आधी परवान्याचा कागद भरावा लागतो. व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घालतात, दाब शून्यावर आला हे घड्याळावर पाहतात, चष्मा-हातमोजे घालतात, मगच पाना लागतो. तोच मुलगा सुट्टीला गावी येतो आणि वडिलांच्या चालू इंजिनाचा नट उघड्या हाताने सैल करतो. त्याला विचारले तर म्हणतो, हे तर छोटेसे इंजिन आहे. पण इंजिन छोटे असले तरी नळीतला दाब छोटा नसतो. कंपनीत जी नळी तो कुलूप लावल्याशिवाय उघडत नाही, तिच्यातला दाब पुष्कळदा या इंजिनाच्या नळीपेक्षा कमी असतो.

आपल्या शेतावर परवान्याचा कागद नको, पण रीत तीच ठेवता येते. गळती शोधायची तर इंजिन बंद करा, नळ्या कोरड्या फडक्याने लख्ख पुसा, मग सुरू करून लांबून बघा. कुठे ओले होते ते दिसतेच. नाही दिसले तर पुठ्ठ्याचा तुकडा पकडीत धरून नळीवरून फिरवा, पुठ्ठ्यावर डाग पडेल. बोट, तळहात, गाल कधीही नाही. पुष्कळदा धार इतकी बारीक असते की डोळ्याला दिसतच नाही. नट आवळायचा तो इंजिन बंद करून. चालू असताना 'थोडा आवळतो' म्हणून जोर दिला आणि नळी तडकली तर धार थेट तोंडावर. बिडी पेटलेली नको, हे सांगायला नको. डिझेल ओतलेले सहसा पेटत नाही, पण धुक्यासारखे उडालेले लगेच पेटते.

एअर काढताना फिल्टरच्या आणि पंपाच्या स्क्रूवर दाब अगदी कमी असतो, तिथे भीती नाही. बुडबुडे थांबेपर्यंत स्क्रू सैल ठेवा. नोझलकडची एअर काढताना मात्र इंजिन डिकॉम्प्रेशनवर ठेवून हँडलने फिरवा आणि नटापासून हात लांब ठेवा. नळीत इंधन भरले की हँडल मारताना नोझलमधून 'चर्र चर्र' असा आवाज येतो. तो आला की नोझल जिवंत आहे हे कळते. त्यासाठी नोझल बाहेर काढून हवेत फवारा बघायची गरज नाही. बाहेर काढून बघायचेच असेल तर ते टेस्टर असलेल्या दुकानात, भांड्यात फवारा सोडून. फवारा कसा पडतो ते तळहातावर घेऊन बघणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडून इंजिन करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जो स्वतःच्या हाताची काळजी घेत नाही, तो आपल्या इंजिनाची काय घेणार?

आता नव्या ट्रॅक्टरबद्दल. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्यांत 'कॉमन रेल' नावाची पद्धत आली. यात इंधन आधीच एका जाड नळीत दाबून साठवलेले असते आणि संगणक ठरवेल तेव्हा इंजेक्टर उघडतो. दाब सोळाशे किलो आणि त्याच्याही पुढे. मघाच्या साखरेच्या हिशेबाने चार पोत्यांच्या जागी बत्तीस पोती झाली. या ट्रॅक्टरवर नट सैल करून सिलिंडर शोधायची जुनी पद्धत अजिबात करू नये. इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब काही वेळ राहतो. पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय तिथे कुणाचाही हात जाऊ देऊ नका. सिलिंडर तपासायचा तर ते काम कंपनीच्या मेकॅनिकचे यंत्र जोडूनच होते. 'चाळीस वर्षं हेच करत आलो' म्हणणाऱ्या जुन्या मिस्त्रीला इथे आदराने, पण ठामपणे थांबवायला हवे.

राहिली दाबाच्या नळीची गोष्ट. ती तडकली की पुष्कळ ठिकाणी वेल्डिंग करून किंवा दुसऱ्या इंजिनाची नळी वाकवून बसवतात. वेल्डिंगची नळी दोनशे किलो दाबात, मिनिटाला साडेसातशे धक्के खात, फार दिवस टिकत नाही आणि फुटते ती माणूस जवळ असतानाच. लांबी बदलली तर फवाऱ्याची वेळही बदलते आणि गेलेला ठोका परत येतो. नळी त्याच मापाची, त्याच लांबीची, नवीच घ्या. नोझलखालची तांब्याची वायसरही दर वेळी नवी आणि एकच. जुनीवर नवी बसवली की नोझल वर उचलले जाते आणि फवारा भलत्याच जागी पडतो. पाळी सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीतच, एकदा इंजिन बाहेर काढून अर्धा तास चालवून ऐका. काही वाजले तर तेव्हा वेळ असतो, मेकॅनिकही मोकळा असतो आणि ऊसही तहानलेला नसतो.